सी लायब्ररीत सिग्नल हँडलिंग: दोन ओळींचं काम, पण परतीची वाट कोण बांधणार?

१ जुलै २०२४ ला ओपनएसएसएचमधली सीव्हीई-२०२४-६३८७ ही त्रुटी जाहीर झाली. २००६ मध्ये बुजवलेलं भोक २०२० च्या एका बदलात पुन्हा उघडलं होतं. झालं काय, तर लॉगिन १२० सेकंदांत पूर्ण झालं नाही की सर्व्हरला सिगअलार्म सिग्नल यायचा आणि त्याचा हँडलर सिसलॉग() बोलवायचा. ग्लिबसीत हे फंक्शन पुढे मॅलॉक()पर्यंत जाऊ शकतं. मुख्य प्रोग्राम नेमका मॅलॉकच्या मध्यात असेल, तर मेमरीचा हिशेब बिघडतो. ती वेळ साधणाऱ्या हल्लेखोराला लॉगिन न करता थेट रूट मिळू शकत होतं.

आता लिनक्स कर्नलच्या सोर्समधली नोलिबसी बघा. कर्नलच्या चाचण्यांसारख्या छोट्या प्रोग्रामसाठी असलेली ही निव्वळ हेडर फाइल्सची लायब्ररी. अशा लायब्ररीत सिगॲक्शन() घालणं वरवर सोपं वाटतं: आतून एक सिस्टिम कॉल केला की झालं.

खरी मेख परतीच्या वाटेत आहे. सिग्नल आला की कर्नल थांबलेल्या प्रोग्रामची रजिस्टर्स स्टॅकवर ठेवतो. हँडलर संपल्यावर ती परत जागेवर लावायला आरटी_सिगरिटर्न हा कॉल लागतो. एक्स८६-६४ वर तो करणारा 'रिस्टोरर' लायब्ररीनेच द्यायचा असतो; नाहीतर सिग्नल येताच सेगफॉल्ट. तोही असेंब्लीतच लिहिलेला बरा, कारण कंपायलरने सुरुवातीला एक पुश घातला तरी स्टॅक पॉइंटर सरकतो आणि कर्नल भलत्याच जागी रजिस्टर्स शोधतो. एआरएम६४ वर मात्र ही सोय कर्नल स्वतःच देतो. म्हणजे प्रत्येक आर्किटेक्चरची तजवीज वेगळी.

म्हणून असा पॅच तपासताना 'हँडलर चालला का?' एवढं पाहणं पुरेसं नाही. हँडलरनंतर मूळ प्रोग्राम होता तिथून नीट पुढे गेला का, हे पाहा.

इथे लायब्ररीची हमी संपते. हँडलरमध्ये काय बोलवायचं, ही जबाबदारी तुमची. एक व्होलाटाइल फ्लॅग बदला किंवा राइट()ने पाइपमध्ये एक बाइट टाका. बाकी काम मुख्य लूपमध्ये करा. तरीही लायब्ररी मदत करू शकते: ओपनबीएसडीने हँडलरमध्ये चालेल असं सिसलॉग_आर() २००१ मध्येच दिलं होतं, आणि २०२४ च्या त्रुटीतून ती सिस्टिम सुटली. छोट्या लायब्ररीने निदान कोणती फंक्शन्स हँडलरमध्ये चालतात, एवढं तरी हेडरमध्ये स्पष्ट लिहावं.