आभार कसले मागता?

जून-जुलैत कॉलेजं सुरू झाली की नोटीसबोर्डावर ऑडिशनच्या चिठ्ठ्या लागतात. पुण्यात पुरुषोत्तम करंडकाचे वेध लागतात, मुंबईत विद्यापीठाच्या युवा महोत्सवाचे. एखाद्या रिकाम्या वर्गाबाहेर मुलामुलींची रांग लागते. आत तीन-चार जण बसलेले असतात. त्यातला मुख्य माणूस कॉलेजचा नसतोच. तो बाहेरून बोलावलेला दिग्दर्शक, नाहीतर कॉलेज सोडून पाच-सहा वर्षं झालेला माजी विद्यार्थी. वयाप्रमाणे कुणी त्याला 'सर' म्हणतं, कुणी 'दादा'.

ऑडिशन होते आणि त्यानंतर मुलींसाठी एक दुसरी परीक्षा सुरू होते. तिच्याबद्दल नोटीसबोर्डावर काही लिहिलेलं नसतं. रात्री सरांना मेसेज टाकायचा. "सर, आज संधी दिल्याबद्दल मनापासून आभार. तुमच्याकडून खूप शिकायचं आहे." खाली जोडलेले हात. हे कोण शिकवतं? आदल्या वर्षीच्या मुली शिकवतात. "मेसेज टाकलास ना? नाही टाकलास तर सरांना वाटेल, हिला माज आहे." त्या वाईट हेतूने सांगत नाहीत. त्यांनाही कुणीतरी तसंच सांगितलेलं असतं, आणि त्यांच्या अनुभवाने ते खरंही ठरलेलं असतं.

मुलांचं काय? मुलगा ऑडिशन संपली की सरांबरोबर टपरीवर कटिंग मारायला जातो. तो आभाराचा मेसेज टाकत नाही आणि कुणी त्याची वाटही पाहत नाही. तो गुर्मीत वागला तर 'कलंदर आहे, पण काम चांगलं करतो' असं म्हटलं जातं. तेवढीच गुर्मी मुलीने दाखवली तर 'हिचा अॅटिट्यूड प्रॉब्लेम आहे, टीममध्ये नको' असा निकाल लागतो. एकाच वर्गात, एकाच दिवशी, एकाच संहितेचं पान हातात घेऊन दोघांनी वाचलेलं असतं!

आमच्या संस्थेतर्फे आम्ही कॉलेजांमध्ये मुलींची शिबिरं घेतो. नाटक-नृत्य करणाऱ्या मुली तिथे हमखास भेटतात, कारण त्या बोलक्या असतात. या मेसेजबद्दल विचारलं की आधी हशा पिकतो, मग एकेक जण बोलू लागते. एकीला उत्तर आलं होतं, "फक्त थँक यू?" एकीला रात्री साडेअकराला, "आवाजावर काम करावं लागेल. उद्या एकटी ये, सगळ्यांसमोर सांगता येणार नाही." एकीने मेसेज टाकलाच नाही, तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत तिला ऐकवलं गेलं, "काही लोकांना मॅनर्स नसतात." तिचं नाव यादीत आलं नाही. काम कमी पडलं म्हणून की मॅनर्स कमी पडले म्हणून, हे तिला आजतागायत कळलेलं नाही. ज्या निवडीचे निकष कुणी लिहून ठेवत नाही, त्या निवडीत हे कधीच कळत नाही.

यावर लगेच येणारं उत्तर आपल्याला पाठ आहे. "साधं धन्यवाद म्हणायलाही तुमची हरकत? ही तर आपली संस्कृती आहे." नाही बाई, धन्यवादाला हरकत नाही. रंगमंचावर पाऊल ठेवण्याआधी नट मंचाला हात लावून नमस्कार करतो, त्यात कुणापुढे लाचारी नाही. प्रयोग संपल्यावर प्रकाशयोजना करणाऱ्या पोरापासून चहा आणणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांची नावं घेतली जातात, तेही छानच. प्रश्न आहे तो आभार कोण मागतं, कुणाकडून मागतं आणि कुठे मागतं, याचा. निवड अजून जाहीर व्हायची आहे, ती ज्याच्या हातात आहे त्याच्या खाजगी फोनवर, रात्री, एकेकट्या मुलीने आभार मानायचे. याला शिष्टाचार म्हणत नाहीत, हजेरी म्हणतात.

आणि आभार कशाचे? कॉलेजच्या सांस्कृतिक उपक्रमांसाठी प्रत्येक विद्यार्थिनीकडून फी घेतली जाते. बाहेरून येणाऱ्या दिग्दर्शकाला मानधन मिळतं ते त्यातूनच. नाटक बसलं, बक्षीस आलं, की नाव त्याचंही होतं. मुली नसत्या तर संहितेतली आई, बायको, प्रेयसी, भूत यांतलं काहीच उभं राहिलं नसतं. हिशेबच करायचा तर आभार सरांनी मानावेत!

'संधी दिली' हा शब्दप्रयोगच तपासून पाहा. मराठी रंगभूमीवर कित्येक दशकं स्त्रियांच्या भूमिका पुरुष करत होते. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आणलं आणि त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, तर तो इतिहास ठरला. म्हणजे स्त्रीची भूमिका स्त्रीने करणं हीसुद्धा आपल्याकडे कुणीतरी दिलेली संधी! त्या मानसिकतेचं शेपूट अजून तुटलेलं नाही. कॉलेजच्या एकांकिका पाहा. सात मुलगे आणि एक मुलगी, किंवा दोन. त्या एका भूमिकेसाठी डझनभर मुली रांगेत. जागा मुद्दाम कमी ठेवायच्या आणि मग जी मिळेल तिच्याबद्दल जन्मभर उपकृत राहायला लावायचं, हा खेळ आपल्याला नवा नाही.

यात जात आणि वर्गही आहेतच. इंग्रजी शाळेतून आलेल्या मुलीला दोन ओळींचा बेतशुद्ध मेसेज लिहायला जमतं. तिला 'ग्रूम्ड' म्हणतात. तालुक्याच्या गावाहून आलेली, घरातली पहिलीच कॉलेजला गेलेली मुलगी काय लिहिते? "सर तुमचे उपकार मी कधीही विसरणार नाही." तिला घरीदारी तेच शिकवलेलं असतं. मास्तरांचे उपकार, साहेबांचे उपकार, सरपंचांचे उपकार. ती ते मनापासून लिहिते. आणि समोरच्याला नेमकं कळतं, की ही मुलगी नाही म्हणणार नाही.

अमेरिकेतल्या कॉलेजांत संगीत-नाटकाच्या प्रवेशासाठी ऑडिशन झाली की एक-दोन दिवसांत आभाराचं छोटं पत्र पाठवावं, असं तिकडचे सल्लागार मुलांना सांगतात. आपल्याकडे काही जण हाच दाखला देतात, की बघा, सुधारलेल्या देशातही चालतं. चालतं ना. पण ते पत्र विभागाच्या पत्त्यावर जातं, मुलगे आणि मुली दोघंही ते पाठवतात. आणि तरीसुद्धा, त्याच देशात असल्या मायेच्या चिठ्ठ्यांचं पुढे काय झालं, तेही पाहू. चित्रपटनिर्माता हार्वी वाइनस्टीन याच्यावर न्यूयॉर्कमध्ये २०२० साली खटला चालला. तक्रारदार स्त्रियांनी नंतर त्याला पाठवलेले स्नेहाचे ई-मेल बचाव पक्षाने ज्यूरीपुढे वाचून दाखवले. अत्याचार झाला असता तर तिने इतकं गोड कशाला लिहिलं असतं, हा युक्तिवाद. ज्यूरीने तेव्हा त्याला दोषी ठरवलं. २०२४ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला, आणि २०२५ च्या फेरखटल्यात एका आरोपाखाली तो पुन्हा दोषी ठरला. ज्याच्या हातात आपलं पुढचं काम आहे त्याच्याशी गोड बोलावंच लागतं, ही साधी गोष्ट समजावून सांगायला त्या बायकांना किती दिव्यं करावी लागली!

आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं. म्हापशाच्या सत्र न्यायालयाने २०२१ मध्ये एका नामवंत संपादकाला निर्दोष ठरवलं, तेव्हा निकालपत्रात घटनेनंतरच्या छायाचित्रांत तक्रारदार हसतमुख दिसते, याची नोंद झाली. त्या निकालाविरुद्ध राज्य सरकार उच्च न्यायालयात गेलं. संपादक दोषी की निर्दोष हा इथला मुद्दा नाही. बाईच्या हसण्याचा पुरावा होतो, हा आहे. १९७८ मध्ये मथुरा प्रकरणात अंगावर जखमा नाहीत म्हणून तिची संमती होती असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने काढला होता. त्यातून आपली चळवळ पेटली, १९८३ मध्ये कायदा बदलला. आज जखमेच्या जागी मेसेज आला आहे.

इथे मला आपल्याबद्दल, म्हणजे आपल्या संघटनांबद्दल बोलायचं आहे. आपल्यापैकी कितीतरी जणी कॉलेजांच्या अंतर्गत तक्रार समित्यांवर बाहेरच्या सदस्य म्हणून बसतात. समोर कागद येतो. मुलीची तक्रार सप्टेंबरची. दिग्दर्शकाच्या उत्तराला तिच्या मेसेजांच्या छापील प्रती जोडलेल्या. जुलै : "थँक यू सो मच सर." ऑगस्ट : "सर, आज खूप शिकायला मिळालं, धन्यवाद." दोन फुलं, एक हसरा चेहरा. समितीतल्या प्राध्यापक बाई हळूच म्हणतात, "हिनेच तर सुरुवात केलेली दिसते." आणि आपली कार्यकर्ती? तीही क्षणभर गप्प होते. का? कारण आपल्यालाही 'खऱ्या' पीडित बाईचं एक चित्र पाठ झालं आहे. त्या चित्रातली बाई आभार मानत नाही. अहो, ती आभार मानते! तिला तसं करायलाच लावलेलं असतं. आधी मेसेज सक्तीचा करायचा आणि मग तोच तिच्या तोंडावर फेकायचा, असा हा दुहेरी सापळा आहे. समितीत बसलेल्या प्रत्येकीने पहिला प्रश्न विचारायला हवा तो असा : या नाटकातल्या किती मुलींनी असेच मेसेज पाठवले? सगळ्यांनीच पाठवले असतील, तर एकीच्या मेसेजवरून तिच्या मनातलं काय कळणार?

कायदा आपल्या बाजूने बराच आहे, पण तो वाचतो कोण! विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत कॉलेजचं आवार म्हणजे फक्त कंपाउंडच्या आतली जागा नाही. सांस्कृतिक महोत्सव, शिबिरं, सहली, प्रवास, हे सगळं त्यात धरलेलं आहे. म्हणजे भाड्याने घेतलेला तालमीचा हॉलही कॉलेजला झटकता येणार नाही. बाहेरून आलेल्या माणसाने केलेला त्रासही त्यात मोडतो. 'तो आमचा कर्मचारी नाही' हे प्राचार्यांचं लाडकं वाक्य तिथे टिकत नाही. विद्यार्थ्यांशी संबंधित तक्रार असेल तर समितीवर तीन निवडून आलेले विद्यार्थी प्रतिनिधी हवेत. आपापल्या कॉलेजात विचारून पाहा, ते कधी निवडले गेले!

या विनियमांत एक अडचण मात्र आहे. तक्रार घटनेपासून ३ महिन्यांत करायची, समितीला कारण पटलं तर आणखी ३ महिने. नाटकाचं वेळापत्रक पाहा. जुलैत ऑडिशन, ऑगस्टमध्ये प्राथमिक फेरी, मग अंतिम. तोवर मुलगी तोंड उघडत नाही, कारण एकटीच्या तक्रारीने सगळ्यांचं नाटक बुडेल ही भीती. 'टीमसाठी' ती थांबते. करंडक आला तर बोलायचं कसं, आणि नाही आला तर 'हरलो म्हणून आरोप करते' हे तयारच. म्हणून समित्यांनी मुदतवाढीचा विचार करताना हे वेळापत्रक समोर ठेवलं पाहिजे.

'नाटकवाल्यांचंच कशाला' असं कुणी म्हणेल. नृत्यातही तेच आहे, तिथे तर गुरुशिष्य परंपरेचं सोवळं आहे. चेन्नईच्या कलाक्षेत्रमध्ये, रुक्मिणीदेवींनी १९३६ मध्ये स्थापलेल्या संस्थेत, २०२३ साली विद्यार्थिनी उघड धरणं धरून बसल्या, आणि त्यानंतर एका माजी विद्यार्थिनीच्या तक्रारीवरून तिथल्या एका अध्यापकाला अटक झाली. मल्याळम चित्रपटसृष्टीबद्दलचा हेमा समितीचा अहवाल २०१९ च्या अखेरीस सरकारकडे गेला आणि २०२४ मध्ये लोकांपुढे आला. 'अॅडजस्टमेंट' आणि 'कॉम्प्रमाइज' हे शब्द तिथल्या बायकांच्या कानावर कसे पडतात, ते त्यात आहे. ते शब्द कॉलेजच्या ऑडिशनला कुणी उच्चारत नाही. तिथे अजून 'मॅनर्स' हाच शब्द चालतो.

मुलींनी मेसेज टाकू नयेत, एवढं सांगून आपण मोकळं व्हायचं का? मला ते मान्य नाही. पुन्हा सगळा भार मुलीवरच! टाकला तर 'हिनेच सुरुवात केली', न टाकला तर 'माज'. वागणं बदलायचं आहे ते निवडणाऱ्याने आणि कॉलेजने. म्हणून येत्या जूनच्या आधी आपल्या गटांनी आपापल्या भागातल्या प्राचार्यांकडे, सांस्कृतिक विभागप्रमुखांकडे जावं आणि ऑडिशनच्या नोटिशीतच काही गोष्टी छापून घ्याव्यात. निवड करणाऱ्यांत किमान दोन बायका, त्यातली एक कॉलेजची. निकष आधीच लिहिलेले. दिग्दर्शकाने विद्यार्थिनींचे फोन नंबर घ्यायचे नाहीत. तालमीचे निरोप एकाच गटावर, जिथे एक अध्यापिका असेल. "निवड समितीला वैयक्तिक मेसेज पाठवू नयेत, त्यांचा निवडीशी संबंध नाही" हे वाक्य ठळक अक्षरांत. तक्रार समितीतल्या सदस्यांची नावं आणि नंबर त्याच कागदावर, खाली कोपऱ्यात नव्हे, वर. आणि निवडीची यादी बोर्डावर लावायची. रात्री फोन करून कुणालाही कळवायचं नाही.