टाळ्यांची फोडणी

‘स्टुडिओतले गाणे डबाबंद; खरे गाणे मैफलीतलेच!’ असे बजावणाऱ्या रसिकांशी माझे उघड भांडण आहे. अमेरिकेतल्या ‘किस’ या हार्ड रॉक चमूचे ‘रॉक अँड रोल ऑल नाइट’ घ्या. १९७५ साली स्टुडिओतली तबकडी तिथल्या यादीत ६८व्या क्रमांकावरच थबकली; ‘अलाइव्ह!’मधली मैफलीची मात्र १२व्यापर्यंत चढली. झाले! मंडळींना पुरावा मिळाला. पण त्या मैफलीवर स्टुडिओत मागाहून डागडुजी झाली होती, हे वादकांनीच पुढे मान्य केले. मग जिंकले कोण? मैफल की स्टुडिओ? अहो, वरून फोडणी दिल्याने आमटी नासत नाही. माझी तक्रार डागडुजीबद्दल नाही, ती लपवण्याबद्दल आहे. गाणे कुठेही घडो. ऐकणाऱ्याला खरे सांगा आणि निवाडा त्याच्या कानांवर सोडा.