चारही चाकांचा जोर : आपोआप की हाताने?



एका वाचक बंधूंचे पत्र आले आहे. त्यांची वस्ती डांबरी सडकेपासून अडीच किलोमीटर आत, काळ्या रानात आहे. दूध आणि भाजीपाला रोज बाहेर काढावा लागतो. जुनी पिकअप विकून फोर व्हील ड्राइव्हची घ्यायची, एवढे घरात ठरले आहे. परंतु चिरंजीव म्हणतात, आपोआप लागणारी फोर व्हील घेऊ. वडिलांना हाताने टाकायची हवी आहे. बापलेकांत बरोबर कोण, असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर देण्यापूर्वी माझी एक चूक सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नोकरीत नवा होतो. जुलै महिन्यात एका गावी रात्री शेतकऱ्यांची सभा चालू असताना निरोप आला, की आतल्या वस्तीवर एका तरुणाला साप चावला आहे. ऑफिसची जीप घेऊन आम्ही निघालो. पाणंदीच्या तोंडाशी ड्रायव्हर मामांनी विचारले, "साहेब, फोर व्हील आत्ताच टाकू का?" मी म्हणालो, "अजून रस्ता कोरडा दिसतोय, उगीच डिझेल कशाला जाळता?" पुढे ओढ्याच्या उतारावर गाळ लागला. मागची चाके जागीच फिरली आणि बघता बघता गाडीचे पोट चिखलावर टेकले. मग लिव्हर टाकली, पण उपयोग काय? पोटावर बसलेल्या गाडीची चारही चाके नुसती फिरत राहिली. दोन बैलजोड्या आणून गाडी काढेपर्यंत तास गेला. तोवर वस्तीवरच्या लोकांनी त्या पोराला बाजल्यावर घालून खांद्यावरून ओढ्यापर्यंत आणले होते. दैव बलवत्तर म्हणून तो वाचला. तो तास मात्र मी अजून विसरलेलो नाही.

त्याच रात्री दुसरी चूक झाली. घाईत लिव्हर काढायची राहिली आणि आम्ही तशीच जीप डांबरी सडकेवरून पळवली. वळणावर टायर कुरकुरू लागले, स्टीअरिंग जड झाले. दवाखान्याच्या आवारात लिव्हर काढायला गेलो, तर ती निघेना. मामांनी गाडी सरळ रेषेत चार-पाच हात मागे घेतली, तेव्हा कुठे ती सुटली.

असे का व्हावे? खळ्यावर पात धरलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे लगेच कळेल. तिवड्याजवळचा बैल थोडे चालतो, कडेचा बैल फार चालतो. गाडी वळताना तसेच होते. पुढच्या चाकांचा फेरा मोठा, मागच्यांचा लहान. हाताने टाकायच्या साध्या फोर व्हीलमध्ये पुढचा आणि मागचा दांडा ट्रान्सफर केसमध्ये एकमेकांना घट्ट बांधले जातात व दोघांना सारखेच फिरावे लागते. चिखलात चाक थोडे घसरते आणि हा फरक निघून जातो. कोरडे डांबर चाकाला घसरू देत नाही. मग सगळा ताण दांड्यांवर आणि गिअरवर येतो, टायर झिजतात, लिव्हर अडकते. ज्यांच्याकडे फोर व्हीलचा ट्रॅक्टर आहे, त्यांना सडकेवर पुढचा जोर काढून ठेवण्याची सवय असतेच. नियम एकच आहे.

आता आपोआप लागणारी पद्धत पाहू. हीत गाडी एरवी मागच्या चाकांवर चालते. प्रत्येक चाकाचा वेग मोजणारे सेन्सर असतात. मागचे चाक पुढच्यापेक्षा जास्त फिरू लागले, की गाडीतला संगणक ट्रान्सफर केसमधल्या क्लचच्या चकत्या दाबतो आणि पुढच्या चाकांना जोर पोचतो. क्षणभरात हे काम होते. चकत्या गरजेपुरत्याच दाबल्या जात असल्याने ही व्यवस्था डांबरावरही चालते. पावसात कुठे डांबर, कुठे मुरूम, कुठे वाहून आलेली माती असा रस्ता असला, तर तिची खरी सोय आहे. चालवणाऱ्याने काही लक्षात ठेवावे लागत नाही.

पण तिची एक मेख आहे. चाक घसरल्यानंतरच पुष्कळदा ती जागी होते. मुरमाड रानात त्याने फारसे बिघडत नाही. काळ्या चिकण मातीत पहिली घसरणच खड्डा करते. शिवाय खोल गाळात चाके बराच वेळ फिरत राहिली, तर चकत्या तापतात आणि काही गाड्यांत संगणक स्वतःच जोर काढून घेतो. माणसाला मात्र गाळ आधी दिसतो. तो घसरण्यापूर्वी लिव्हर टाकू शकतो. त्या रात्री मामांना तेच करायचे होते, मी आडवा आलो.

आणखी एक घोटाळा टाळा. बटण म्हणजे आपोआप नव्हे. भारतात २०१६ साली आलेली इसुझू व्ही-क्रॉस किंवा २०२२ साली आलेली टोयोटा हायलक्स यांच्या फोर व्हील गाड्यांत लांब लिव्हरऐवजी फिरवायचा खटका असतो. पण निर्णय चालवणाऱ्यानेच घ्यायचा असतो, आणि कोरड्या डांबरावर जोर काढायचाही असतो. गिअर आपोआप पडणारी गाडी म्हणजेही आपोआप फोर व्हील नव्हे. खरी आपोआप व्यवस्था खटक्यावर 'ऑटो' किंवा 'फोर-ए' अशा खुणेने ओळखावी. ऑस्ट्रेलियात विकल्या जाणाऱ्या फोर्ड रेंजरच्या काही प्रकारांत ती आहे. तिथेही 'फोर-एच' आणि 'फोर-एल' या हाताने लावायच्या जागा ठेवलेल्या आहेतच. अवघड जागी माणसाचा निर्णय लागतो, हे त्या कारखानदारांनीही मान्य केले आहे.

तेव्हा वाचक बंधूंना माझा सल्ला असा. काळे रान, ओढा आणि अडीच किलोमीटरची पाणंद असेल, तर वडिलांचे म्हणणे धरावे. हाताने टाकायची फोर व्हील घ्यावी व तीत 'फोर-एल' म्हणजे सावकाश, जास्त ताकदीचा गिअर असल्याची खात्री करावी. ज्यांचा बहुतेक प्रवास सडकेवर आहे आणि घरात गाडी चालवणारे हात अनेक आहेत, त्यांना आपोआप व्यवस्था मिळाली तर सोयीची पडेल. मात्र तीत हाताने जोर बांधण्याची जागा हवीच.

गाडी कोणतीही घ्या, पुढील गोष्टी पाळा :

१) गाळ दिसला, की आधी थांबा. जोर टाका. मगच आत शिरा.

२) 'फोर-एल' टाकताना गाडी उभी करावी. बाकी कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे वागावे. पुढच्या हबवर हाताने फिरवायचे लॉक असतील, तर ते घरून निघतानाच लावावेत.

३) कोरडी सडक लागली, की जोर काढा. अडकला तर सरळ रेषेत थोडे मागे घ्या.

४) चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे ठेवा. मातीने खाचा भरल्या, की फोर व्हीलही हात टेकते.

५) फोर व्हीलने गाडी निघते लवकर, पण ब्रेक लावल्यावर थांबते पूर्वीसारखीच. उतारावर वेग आवरा.

६) फरशी पुलावरून पाणी वाहत असेल, तर कोणतीही फोर व्हील कामाची नाही. दोन फूट वाहते पाणी जड गाडीही ओढून नेते.

७) महिन्यातून एकदा कच्च्या ओल्या रस्त्यावर जोर टाकून थोडे अंतर चालवा. वर्षभर न हललेला खटका नेमका अडचणीच्या रात्री हलत नाही.

शेवटची सूचना घरातल्या सर्वांसाठी. अडचणीच्या रात्री घरचा कर्ता पुरुष घरी असेलच असे नाही. म्हणून गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला, मुलींना आणि सुनांनाही, दिवसाउजेडी पाणंदीवर नेऊन लिव्हर टाकायला आणि काढायला शिकवा. एका रविवारचे काम आहे. मला ते शिकायला एका पोराच्या जिवाची टांगणी लागली.