कोपऱ्यातली जागा

परवा नॉयडाला धाकट्या बहिणीकडे गेले, तर घर अगदी शांत. चौदा वर्षांची भाची तोंड फुगवून बसलेली. शाळेच्या बास्केटबॉल संघात तिची निवड झाली म्हणून दोनच महिन्यांपूर्वी पेढे खाल्ले होते. आता म्हणे खेळायचंच नाही.

"मावशी, सर मला नुसतं कोपऱ्यात उभं करतात. चेंडू येतच नाही माझ्याकडे. मग संघात हवीच कशाला मी?"

मेहुणे तर सरांना जाब विचारायला निघालेच होते. मी म्हटलं, "आधी एक सामना तर पाहू या!"

शनिवारी आम्ही मैदानाच्या कडेला जाऊन बसलो.

बास्केटबॉलचं मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. पण हल्ला होतो तो अर्ध्याच भागात. तेवढ्या जागेत दोन्ही संघांचे मिळून दहा जण! सगळेच बास्केटखाली धावले, तर संध्याकाळच्या राजीव चौक मेट्रो स्थानकासारखी गत होते. कुणालाच वाट मिळत नाही. म्हणून काहींनी मुद्दाम दूर उभं राहायचं असतं. ६.७५ मीटरच्या रेषेबाहेरून (कोपऱ्यात हे अंतर ६.६० मीटर भरतं) चेंडू टाकला तर तीन गुण मिळतात. तिथे चांगला नेम असलेली मुलगी उभी असेल, तर तिच्यावर पहारा देणारीला तिला सोडून जाता येत नाही. तेवढीच आतली एक वाट मोकळी!

मोठ्या संघांनाही हे गणित मांडावं लागतं. २०१५ च्या एनबीए अंतिम मालिकेत गोल्डन स्टेट वॉरियर्स १-२ असे मागे पडले होते. चौथ्या सामन्यात प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी सात फुटी अँड्र्यू बोगटला सुरुवातीच्या पाचांतून वगळलं आणि साडेसहा फुटी आंद्रे इग्वोडालाला घेतलं. उंची घटली, पण जागा मोकळी झाली, खेळाला वेग आला. पुढचे तिन्ही सामने जिंकून त्यांनी विजेतेपद मिळवलं. मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तो इग्वोडालाच.

योगायोग पाहा. त्याच जून महिन्यात आपल्या पंजाबच्या सतनामसिंगला डॅलस मॅव्हरिक्सनं निवडलं. एनबीएत निवडला गेलेला तो पहिला भारतीय. उंची सात फूट दोन इंच! पण एनबीएच्या मुख्य स्पर्धेत त्याला एकही सामना खेळायला मिळाला नाही. नुसत्या उंचीवर भागण्याचे दिवस सरत चालले होते.

अर्थात, उंच खेळाडू कमी केला की बास्केटवरून उसळलेला चेंडू हातचा जातो. दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत.

आमच्या समोरच्या सामन्यात भाचीला राहवेना. चेंडूसाठी ती आत धावली. तिच्यामागून पहारेकरीण आली आणि आत शिरू पाहणाऱ्या मैत्रिणीची वाट बंद झाली. चेंडू गेला. उत्तरार्धात मात्र ती जागेवर थांबली. मैत्रिणीनं मोकळ्या वाटेनं आत घुसून लागोपाठ दोन बास्केट केल्या. भाचीकडे चेंडू एकदाच आला. तिनं टाकला, तो कडीला लागून बाहेर गेला.

घरी येताना मी विचारलं, "कोपऱ्यात का उभं राहायचं, हे सरांनी कधी सांगितलं का गं?"

"नाही. नुसतं म्हणतात, तिथून हलू नकोस."

चुकलं ते इथेच. कारण न सांगता दिलेलं काम मुलांना शिक्षाच वाटतं. मेहुणे सोमवारी सरांना भेटले, पण भांडायला नव्हे. सरांनी मुलींना बसवून कागदावर सगळं काढून दाखवलं. सरावात सगळ्यांना आलटून पालटून प्रत्येक जागी खेळवायचंही कबूल केलं. चौदाव्या वर्षीच कोपरा कायमचा का ठरावा?

काल भाचीचा फोन आला होता. म्हणाली, "मावशी, आज कोपऱ्यातून दोन टाकल्या. आणि एकदा मी आत घुसले, तेव्हा कोपऱ्यात दुसरी उभी होती!"