पत्र नव्हे, पोचपावती

युद्धकैद्याच्या पत्राकडे आपण हळवेपणाने पाहतो. वस्तुतः ती पकडणाऱ्या राष्ट्राने दिलेली पोचपावती असते. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार छावणीत पोचल्यापासून फार तर आठवड्याच्या आत कैद्याला घरी व रेडक्रॉसच्या कचेरीकडे कार्ड धाडता आले पाहिजे. पुढे दरमहा किमान दोन पत्रे व चार कार्डे, तीही टपालहशिलाविना.

नोंद झालेला माणूस नाकारणे कठीण जाते. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर ऑगस्ट १९७२ मध्ये रावळपिंडीच्या छावणीतून दोघा सहकाऱ्यांसह निसटले व पुन्हा सापडले. तरीही त्याच वर्षी ते मायदेशी परतले.

फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचे विमान ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोटवरील हल्ल्यात पडले. पकडलेल्या वैमानिकांच्या बातमीत त्यांच्याशी जुळणारे नाव पाकिस्तानी वृत्तपत्रात छापून आले. पत्र मात्र आले नाही. त्यांच्या पत्नी, राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या दमयंती तांबे यांना २००७ मध्ये पाकिस्तानातील तुरुंग धुंडाळावे लागले. मेजर अशोक सुरी यांच्या वडिलांना १९७४-७५ मध्ये कराचीहून चिठ्ठ्या मिळाल्या. पण त्या आडमार्गाने आलेल्या, त्यांचे बंधन कोणावर?

भारत सरकारने ५४ युद्धकैद्यांचा आकडा सांगितला होता. पाकिस्तान एकही मान्य करीत नाही. कल्याणच्या टपाल कचेरीत रजिस्टर टाकणारा कारकूनसुद्धा पावती घेतल्यावाचून खिडकी सोडत नसे. आपल्या हाती सुमारे ९३ हजार कैदी होते. एप्रिल १९७४ पर्यंत ते सारे परत गेले, आणि आपल्या याद्या जुळलेल्या नव्हत्या.