पावती नको

"फी रोख द्या, पावती घेऊ नका, विम्याचं तर नावच काढू नका." मानसोपचार किंवा समुपदेशन घेऊ पाहणाऱ्या बाईला हा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. शेजारीण देते, ओळखीचे डॉक्टर देतात, स्त्री संघटनांच्या सल्ला केंद्रांतूनही तो दिला जातो. देणाऱ्यांची कळकळ खरी आहे. पण अडचणीतल्या एकेका बाईला सुचवलेली ही पळवाट आता चळवळीचे धोरणच असल्यासारखी रुळू लागली आहे, आणि माझा विरोध त्याला आहे.

भीती खोटी नाही, हे आधीच सांगून टाकते. बहुतेक घरांत विम्याची पॉलिसी नवऱ्याच्या नावावर असते, नाहीतर त्याच्या कंपनीची असते. बायको त्यात 'आश्रित'. क्लेम करायचा तर फॉर्मवर आजाराचे नाव हवे, डॉक्टरांचे कागद हवेत आणि पॉलिसीधारकाची सही हवी. क्लेमचे निरोपही त्याच्याच मोबाइलवर येणार. म्हणजे ज्याच्याविषयी बोलायला ती गेली, त्याच्याच सहीने तिच्या बोलण्याचे पैसे मिळायचे!

पुढची भीती कोर्टाची. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३(१)(३) मध्ये मानसिक विकार हे घटस्फोटाचे कारण आहे. केवळ आजाराचे नाव पुरेसे नाही, एकत्र राहणे अशक्य व्हावे इतकी त्याची तीव्रता सिद्ध करावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच सांगितले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ तर स्पष्टच म्हणतो की, मानसिक आजार आहे एवढ्यावरून कोणाला 'विकल मनाची' ठरवता येत नाही. ते काम न्यायालयाचे. पण बाईचा खटला कोर्टात पोचण्याआधी दिवाणखान्यात चालतो. तिथे दीर, नणंद, मामेसासरे न्यायाधीश असतात आणि झोपेच्या गोळ्यांची एक चिठ्ठी पुरावा म्हणून पुरते. "हिच्याकडे मूल ठेवायचं?" या एका वाक्यापुढे सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काय कामाचा?

तेव्हा बाई पावती नको म्हणते, यात नवल नाही. पण मग असे समजायचे का, की पावती घेतली असती तर विमा कंपनीने पैसे दिले असते? मुळीच नाही.

२०१७ च्या या कायद्याचे कलम २१(४) सांगते की, शारीरिक आजाराला ज्या पायावर विमा मिळतो त्याच पायावर मानसिक आजारालाही मिळाला पाहिजे. कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विमा नियामक प्राधिकरणाने कंपन्यांना परिपत्रक धाडले. तरी २०२१ साली एका बाईला आपल्या क्लेमसाठी दिल्ली उच्च न्यायालयात जाऊन भांडावे लागले; ती जिंकली. २०२२ च्या ऑक्टोबरात प्राधिकरणाला कंपन्यांना पुन्हा बजावावे लागले. एवढे सगळे होऊन हाती काय आले? समान पाया! आणि शरीराच्या विम्याचा पाया असा की, नेहमीच्या पॉलिसीत पैसे मिळतात ते रुग्णालयात चोवीस तास दाखल झाल्यावर. मनाच्या दुखण्यावरचा बराचसा उपचार खुर्चीत बसून, बोलून होतो. त्याला खाट लागत नाही, म्हणून त्याला विमा नाही. बाह्यरुग्ण सेवेचे वेगळे कवच काही कंपन्या विकतात, पण त्याचा हप्ता जादा आणि रकमेला मर्यादा.

समानतेचा हा प्रकार आपल्याला ओळखीचा आहे. पुरुषाच्या मापाने शिवलेला सदरा बाईला देऊन "घ्या, तुम्हालाही तोच" म्हणण्यासारखे हे झाले. या व्यवस्थेत बाईला दाखल केले तर पैसे निघतात. घरी राहून, स्वतःच्या पायांवर उभे राहण्यासाठी आठवड्यातला एक तास हवा असेल तर निघत नाहीत. बायकांना दाखल कोण करते आणि कशासाठी करते, हे येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांशी संबंध आलेल्या कार्यकर्त्यांना मी सांगायची गरज नाही.

आता आपल्याच काही मैत्रिणींचा युक्तिवाद. त्या म्हणतात, विमा कंपनीच्या दारात जायचेच कशाला? माझे पैसे, माझा तास, माझे गुपित. ऐकायला हे मुक्तीसारखे वाटते. पण पैसे कोणाचे? एका बैठकीचे हजार-दीड हजार धरले तरी महिन्याच्या चार बैठकांचे चार ते सहा हजार झाले. घर सांभाळणारी बाई ते किराण्यातून वाचवणार, आणि मिळवत्या बाईच्या खात्याचा निरोपही पुष्कळदा नवऱ्याच्या फोनवर वाजतो. मग त्या एका तासासाठी भिशी, शिवणाचा क्लास, आजारी मावशी अशा थापा रचायच्या. मन हलके करायला गेलेली बाई आणखी एक ओझे घेऊन परतते. तिसऱ्या-चौथ्या बैठकीनंतर पैसे संपतात, ती येईनाशी होते, आणि "तिनेच चिकाटी धरली नाही" असे आपण म्हणतो. चार घरची धुणीभांडी करणारीला तर या मुक्तीच्या दारात उभेही राहता येत नाही. गुप्तता ही विकत घ्यायची वस्तू झाली की ती कोणाला परवडते, याचा विचार चळवळीने करायचा नाही तर कोणी?

आणखी एक गोष्ट या सल्ल्यात विसरली जाते. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ मानसिक छळाला हिंसा मानतो. त्याच्या कलम २० खाली छळामुळे झालेला वैद्यकीय खर्च बाई मागू शकते. कशाच्या आधारावर मागणार? ज्या पावत्या घ्यायच्या नाहीत म्हणून आपण तिला शिकवले, त्यांच्याच! जो कागद सासरच्यांच्या हातात शस्त्र होतो, तोच तिच्या हातात पुरावा असतो. भांडण कागद असावा की नसावा याचे नाही, तो कोणाच्या ताब्यात असावा याचे आहे.

इथे २०१७ च्या कायद्यात हाती येण्यासारखे बरेच आहे, पण ते आपल्या शिबिरांत फारसे बोलले जात नाही. कलम २३ गोपनीयतेचा हक्क देते. कलम १४ नुसार कोणीही सज्ञान व्यक्ती आपला नामनिर्देशित प्रतिनिधी स्वतः ठरवू शकते: मैत्रीण, बहीण, कार्यकर्ती. ते नाव कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठ्यानिशी लिहून दिले की झाले. नाही दिले, तर नातेवाइकाचा नंबर लागतो, आणि कायद्याच्या नातेवाइकांत लग्नाचे नाते येते. म्हणजे व्यवहारात नवराच. कलम १८ सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेचा हक्क देते. किमान सेवा जिल्ह्यात नसेल, तर त्या जिल्ह्यात अन्यत्र घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने सोसायचा आहे. या कलमाखाली आपण किती अर्ज केले?

आणि हे स्वप्नरंजन नाही. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि सेहत यांनी २००० साली 'दिलासा' केंद्र सुरू केले. छळ सोसणाऱ्या बाईला सरकारी रुग्णालयातच, पैसे न मोजता, समुपदेशन मिळू लागले. रुग्णालयात तर बाई तापाच्या निमित्तानेही जाऊ शकते. पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही अशी केंद्रे झाली. २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांकही आहे. फक्त घरातला फोन कोणाच्या खिशात असतो, हे दिल्लीत बसून ठरवणाऱ्यांना विचारायला हवे.

विम्याबाबत मागण्या सरळ आहेत. समुपदेशन मूळ पॉलिसीतच असावे, जादा हप्त्याशिवाय. सज्ञान बाईच्या क्लेमचा निरोप, आजाराचे नाव आणि पैसे तिच्याकडेच जावेत, पॉलिसी कोणाच्याही नावावर असो. कंपन्या म्हणतील, हे जमणार नाही. कॅलिफोर्नियात पॉलिसीवरच्या आश्रितांना अशा सेवांची माहिती पॉलिसीधारकाला न कळवता थेट आपल्याकडे मागवता येते. २०१५ पासून तसा कायदा तिथे लागू आहे आणि तिथल्या विमा कंपन्या काही बुडाल्या नाहीत.

हे होईपर्यंत, जिवाला धोका असलेल्या बाईला रोख फी द्यावी लागली तर ती देईल; तिला कोणी नावे ठेवू नयेत. पण पावती तिने घ्यावी आणि ती केंद्राच्या कपाटात, तिच्या फाइलीत राहावी. आणि प्रतिनिधी नेमण्याच्या कागदाचा नमुना प्रत्येक सल्ला केंद्राच्या टेबलावर असावा. मराठीत, मोठ्या अक्षरात, अंगठ्याला जागा ठेवून.