नाव गुप्त राहू शकते, दवाखाना टाळू नका

वस्तीत अल्पवयीन मुलगी गरोदर राहिली की घरचे सरकारी दवाखान्याकडे फिरकत नाहीत. 'डॉक्टर पोलिसांना कळवतील, सगळीकडे बोभाटा होईल,' ही धास्ती. मग चोरून गोळ्या आणतात, नाहीतर बोगस डॉक्टर गाठतात. ते मुलीच्या जिवावर बेतते.

बंधू-भगिनींनो, ही भीती निराधार नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे १८ वर्षांखालील मुलीची अशी बाब कळताच डॉक्टरने पोलिसांना कळवणे सक्तीचे आहे. मुलीची मर्जी होती, हे कारण चालत नाही.

पण २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचा निकाल दिला. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. पुढे खटल्यातही नाही. अल्पवयीन मुलीचा गर्भपात कायद्याने २४ आठवड्यांपर्यंत करता येतो. पालकांची लेखी संमती लागते.

गुन्हेगाराला पाठीशी घालण्यासाठी ही सवलत नाही. मुलीवर जबरदस्ती झाली असेल तर तक्रार झालीच पाहिजे, आणि वस्तीने त्या घरासोबत पोलीस ठाण्यात उभे राहिले पाहिजे. पण बदनामीच्या भीतीने उपचारच टाळणे, हा मुलीवर दुसरा अन्याय आहे.

म्हणून लवकर दवाखान्यात जा. नाव गुप्त ठेवण्याची विनंती लेखी द्या. कोणी अडवले तर २०२२ च्या निकालाचा दाखला द्या. अब्रूपायी लेक गमावू नका.